ड्रायरचा पंखा दुप्पट केला म्हणून हळद निम्म्या वेळात वाळत नाही

"पंखा दुप्पट वेगाने सोडा, हळद निम्म्या वेळात वाळेल," असा मेसेज समुद्रपूर-गिरडकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. कृपया त्यावर विसंबून वीज जाळू नका. पंख्याचा जोर चालतो तो वरचं पाणी उडेपर्यंतच. पुढे आतली ओल सालीपर्यंत किती हळू झिरपते, त्यावर वेळ ठरतो. ते गणित अॅडॉल्फ फिक या शास्त्रज्ञाने 1855 मध्ये मांडलेल्या, पदार्थ जास्तीकडून कमीकडे कसा झिरपतो ते सांगणाऱ्या नियमावरून करतात. कांड मोडून बघा: बाहेरून खडखडीत, मधोमध दमट. असाच माल पोत्यात भरला तर बुरशी धरते. खरा फरक जाडीने पडतो. ओल आतून येण्याच्या टप्प्यात काप निम्म्या जाडीचे असतील तर वेळ साधारण पाव लागतो. मात्र काप एकावर एक रचू नका, नाहीतर थराचीच जाडी मोजावी लागेल.