माशांना पंखा कशाला? (एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर)

नमस्कार दादा,

झाडं लावलेल्या फिश टँकवरच्या माझ्या गेल्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याचा गोषवारा असा: 'सीओटूचा (झाडांसाठी पाण्यात सोडायच्या कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर आणि कॅनिस्टर फिल्टर (पाणी गाळणारा बंद डबा) सोडून पाणी गार ठेवायला पंखा आणि स्पंज फिल्टर (टँकमध्येच बसणारा, एअर पंपावरचा) घ्या, हा सल्ला कंजूषपणाचा आहे, नवख्यांची दिशाभूल करणारा आहे, आणि लिटरमागे एक वॅट लाइट हा हिशोबही जुनाट आहे.' शेवटचं आधी घेतो, कारण तिथं तुमचंच बरोबर आहे.

लिटरमागे एक वॅट हा ठोकताळा ट्यूबलाइटच्या जमान्यातला. मी सवयीनं लिहून गेलो. एलईडी तेवढ्याच वॅटमध्ये कितीतरी जास्त उजेड देते. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर पाणी बसतं. त्यावर ५६ वॅटची चांगली एलईडी लावली, तर झाडांच्या आधी शेवाळं वाढेल. वॅट सोडून द्या. ६५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा लाइट सुरुवातीला रोज सहा तास लावा आणि झाडांकडे बघत वाढवा. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता सिलिंडर. सीओटूनं झाडं जोमानं वाढतात, हे मी कुठंच नाकारलेलं नाही. माझा मुद्दा एप्रिल-मेचा आहे. बाहेर ४२-४३ अंश असताना माझ्या हॉलमधल्या टँकचं पाणी दुपारी ३३ वर जातं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो: २५ अंशांना लिटरमध्ये साधारण ८ मिलिग्रॅम, ३३ ला साधारण ७. आकडा फार खाली येत नाही, पण त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची भूक वाढलेली असते. म्हणून आपण एअर पंप लावून पाणी खळबळवतो. आणि नेमका तोच खळबळाट, पैसे मोजून सोडलेला सीओटू उडवून लावतो. लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत सीओटू न्यायचा, तर पाणी शांत ठेवावं लागतं. व्हिडिओतल्या एसी खोलीत ते जमतं. आमच्या पत्र्याखालच्या मजल्यावर मे महिन्यात नाही जमत.

आणि हे मी वाचून सांगत नाही. माझ्याकडेही सिलिंडर होता. गॅसचा व्हॉल्व्ह चाकाच्या साध्या टायमरवर, लाइट मात्र हातानं बंद करायचा. एका दुपारी चार तास वीज गेली. टायमरचं चाक तेवढंच मागं पडलं. रात्री मी लाइट घालवून झोपलो आणि गॅस सुरूच राहिला. अंधारात झाडं सीओटू घेत नाहीत, उलट तीही ऑक्सिजनच वापरतात. सकाळी सहा टेट्रा मासे मरून तळाला होते, बाकीचे वर तोंड काढून धापा टाकत होते. चूक सर्वस्वी माझी. बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमर घेतला असता, तर टळली असती. म्हणून सिलिंडर घेणारच असाल, तर टायमरला पैसे वाचवू नका.

पंख्याबद्दल मित्रही हसला होता: "काय बे, माशांना पंखा?" अरे, पण कूलर तरी दुसरं काय करतो? पाण्यावरून वारा गेला की बाष्प उडतं आणि मागचं पाणी गार होतं. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती लंगडी पडते, सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात मस्त चालते. टँकच्या काठाला तिरका लावलेला छोटा पंखा माझं पाणी तीन अंशांनी उतरवतो. त्याची किंमतही आहे: रोज लिटरभर पाणी उडतं. ती तूट बोअरच्या पाण्यानं भरू नका. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. वरून आणखी क्षार ओतले, तर महिन्याभरात काचेवर पांढरी रेघ दिसेल आणि पाण्याचा जडपणा वाढत राहील. तूट आरओच्या पाण्यानं भरा. दर आठवड्याचं पाणीबदल मात्र ड्रममधल्या नळाच्या पाण्यानंच करा. नळ काही दिवसांआड येतो म्हणून आपण साठवतोच. उघड्या ड्रममध्ये दोन दिवसांत साधा क्लोरीन उडून जातो. आडदिवसाच्या पाण्याचा एवढाच काय तो फायदा.

कॅनिस्टरवर मात्र मी अर्धा मागं येतो. तुमचा टँक तीन बाय दीड बाय दीडचा, म्हणजे १९० लिटरचा, असं तुम्ही लिहिलंय. तिथं एका स्पंजचं काम नाही, कॅनिस्टरच हवा. पण तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. तेवढ्या टँकचा कॅनिस्टर छताच्या पंख्यापेक्षाही कमी वीज खातो. बंद डब्यात पाणी तासन् तास थांबलं की आतले जिवाणू ऑक्सिजनवाचून मरू लागतात, आणि वीज आल्यावर ती सगळी घाण टँकमध्ये येते. स्पंज उघड्या पाण्यात असतो, शिवाय बॅटरीच्या एअर पंपावरही चालतो. दोन फुटी टँकवाल्या नवख्याला मी म्हणूनच स्पंज सांगतो. त्याच्याबरोबर व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरायनी, अनुबियास ही सिलिंडरवाचून जगणारी झाडं. व्हॅलिस्नेरिया तर जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन उचलते. आपल्या बोअरच्या पाण्यावर रुसणाऱ्यातली ती नव्हे.

एक करा. थर्मामीटर टाकून दुपारी तीनला आणि पहाटे पाचला टँकचं तापमान बघा, सलग चार दिवस. आकडे इथंच लिहा, मग तुमच्या सिलिंडरचं बोलू.