दुसऱ्या पावसाळ्यात भेग पाडणारा पाया

प्लॉट सोलापुरात आहे आणि खाली काळी माती लागली आहे? मग निम्मं काम निसर्गानेच केलंय. उरलेलं निम्मं तुम्ही करा.

माती तपासून घेऊ नका. शेजाऱ्याने 5 फूट खोदलं होतं, एवढा अहवाल पुरे. एकाच प्लॉटवर एका कोपऱ्यात 4 फुटांवर कडक मुरूम लागतो आणि दुसरीकडे 8 फुटांवरही काळी संपत नाही, असल्या शंका काढणारा इंजिनिअर टाळा. खड्डे सरसकट 5 फूट, म्हणजे काही कॉलम मुरमावर आणि काही मातीवर. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि मे महिन्यात आकसून मनगट जाईल एवढी फाटते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी अशाच मातीवर डोलते, मग दुमजली घराने का डोलू नये? कोणी अंडररीम्ड पाइल सुचवले, म्हणजे जमिनीत साधारण 3.5 मीटर खोल जाणारे आणि तळाशी खोडाच्या अडीचपट रुंद कंद असलेले काँक्रीटचे खांब, तर विचारा, ‘आपण काय पूल बांधतोय का?’

आखणीत वेळ घालवू नका. फक्की मारा, जेसीबी बोलवा. शेवटचे 6 इंच हाताने खोदून तळ घट्ट ठेवतात म्हणे. तुम्ही दातेरी बकेटने उकरूनच घ्या. खड्डा जास्त खोल गेला तर निघालेली मातीच परत ढकला आणि पायाने दाबा. ती जागा पीसीसीने, म्हणजे सळई नसलेल्या साध्या काँक्रीटने, भरायची असते, पण सिमेंट काय फुकट येतं? रात्री पाऊस झाला तर सकाळी पाणी तेवढं उपसा. तळाशी राहिलेला लोण्यासारखा गाळ कोणाला दिसतोय?

1:4:8 चा (सिमेंट, वाळू, खडी) 4 इंची पीसीसी थर वगळलात की सळयांची जाळी थेट मातीवर बसते. सळई मातीपासून उचलून धरणाऱ्या 50 मिलिमीटरच्या कव्हर ब्लॉकऐवजी विटेचा तुकडा सरकवा. वीट पाणी शोषते आणि सळईला निगुतीने पाजते. कॉलमच्या सळया ओळंब्यात आहेत की नाहीत, ते काँक्रीट झाल्यावर बघा. दोन इंच सरकल्या असतील तर पाइप घालून वाकवा. नंतर प्लास्टर आहेच.

आता काँक्रीट. एम 20 प्रतीच्या काँक्रीटसाठी 1:1.5:3, आणि 50 किलोच्या गोणीला सुमारे 25 ते 27 लिटर पाणी. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. हे कागदावर. मिक्सरवर मात्र नळीच सोडा. माल आमटीसारखा पळाला की गवंडी खूश, मजूर खूश, तुम्हीही खूश. जादा पाणी सुकून जातं, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि ताकद जाते. पण त्या दिवशी काम 4 वाजताच आटोपतं, हे कोणी लक्षात घेत नाही. व्हायब्रेटरचं भाडंही वाचवा. सळईने दोनचार वेळा कोचलं की झालं. हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी भोकं, राहिलीच तर सिमेंटचा हात फिरवा.

पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान 10 दिवस ओलं गोणपाट लागतं. सोलापुरात माणसांनाच रोज पाणी येत नाही, तिथे फुटिंगला, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटला, कुठलं?

भरावाला मुरूम विकत आणू नका, 6-6 इंचांचे थर करून धुम्मस करायच्या भानगडीतही पडू नका. तीच काळी माती ढकला, वर प्लिंथ बीम (जोत्याची तुळई) टेकवून घ्या. खाली 75 मिलिमीटरची पोकळी ठेवली की फुगणारी माती बीमला धक्का देत नाही, पण मग घराला उचलणार कोण?

दुसऱ्या पावसाळ्यात बेडरूमचं दार चौकटीत अडकेल. सुताराला बोलावून रंधा मारून घ्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली तर पुट्टी भरा आणि डिसेंबरात रंग द्या. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांना काही दिसणार नाही. मे महिन्यात दिसेल, पण सोलापूरच्या त्या उन्हात येतंय कोण?