कानाला दडे बसतात ते घाटामुळे, बोगद्यामुळे नव्हे

सोलापूर-मुंबई वंदे भारतबद्दल एक मजकूर सोलापुरात फोनोफोनी फिरतोय: ‘खंडाळ्याच्या बोगद्यांत कानाला दडे बसतात, कारण डबा हवाबंद आहे. उघडणाऱ्या खिडक्या द्या. बुलेट ट्रेनमध्ये तर कानाचे पडदेच फाटतील. तोवर नाक दाबून जोरात फुंका.’ दडे बसतात, एवढं खरं.

‘बोगद्यामुळे’: बोगद्यात शिरताना गाडी पुढची हवा दाबते आणि हा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. घाटात ताशी ६० किमी वेग धरला, तर हवेचा गतिदाब (वेगामुळे पडणारा दाब) भरतो सुमारे १७० पास्कल, म्हणजे लिफ्टने चार-पाच मजले चढल्याएवढा फरक. बोगदा अरुंद असल्यानं थोडा वाढेल, इतकंच. उलट लोणावळा ते कर्जत गाडी साधारण साडेपाचशे मीटर उतरते आणि हवेचा दाब ६ किलोपास्कलच्या (सहा हजार पास्कलच्या) आसपास वाढतो. उतार ३७ मीटरला १ मीटर, त्यामुळे बोगदा असो वा नसो, मिनिटाला तीनेकशे पास्कलची भर पडतच राहते.

‘हवाबंद डबा’: एसी बाहेरची ताजी हवा सतत आत घेतो. इतक्या सावकाश बदलणारा दाब आत-बाहेर सारखाच राहतो. खिडकी उघडली तर आवाज आणि धूळ येईल, कानाला फरक शून्य.

‘बुलेट ट्रेन’: इथं मात्र बोगद्याचा प्रश्न खराच आहे. ताशी ३०० किमीला गतिदाब पंचवीसपट, चार हजार पास्कलच्या वर जातो. गाडीचं नाक शिरताना उठलेली लाट ध्वनीच्या वेगानं पलीकडच्या तोंडाशी जाऊन उलटी फिरते, शेपूट शिरताना दुसरी उठते. समोरून गाडी आली तर दोन्ही गाड्यांच्या लाटांची बेरीज होते. यावरचा इलाजच हवाबंद डबा, म्हणजे मजकुरात ज्याला दोष दिलाय तोच! जपानच्या १९६४च्या शिंकान्सेनमध्ये बोगद्यात हवेच्या झडपा आपोआप मिटत. पुढे लांब बोगदे आले, आतली हवा कोंदट होऊ लागली, तेव्हा दाबाला न जुमानता हवा ढकलणारे जोरकस पंखे बसवले. बिघाड होतो तो बारीक जागी: दाराचं रबर, दोन डब्यांमधला भाता, केबलची भोकं, एसीच्या पाण्याची नळी. एक रबर फाटलं की त्याच डब्यातल्यांचे कान दुखतात. तरी युरोपच्या नियमांत सील निकामी धरूनच बोगदाभरातला दाबफरक १० किलोपास्कलच्या आत ठेवावा लागतो, तो कानाला इजा होऊ नये म्हणूनच.

‘जोरात फुंका’: हे करूच नका, कानाला इजा होऊ शकते. नाक-घशातून मधल्या कानाकडे जाणारी नळी गाडी घाट चढताना आपोआप उघडते, उतरताना उघडावी लागते. सोलापूरहून जाणाऱ्यांच्या वाट्याला उतारच येतो. लोणावळ्याला जागे व्हा, घोट-घोट पाणी प्या, जांभई द्या, गोळी चघळा, तान्ह्याला पाजा. तरी कान मोकळा झाला नाही तर नाक धरून अगदी हलकेच फुंका. सर्दी असेल तर फुंकण्याच्या भानगडीतच पडू नका.