हप्ता थकला म्हणून ओट्यावर ठाण मांडायचा हक्क कुणाला मिळत नाही

कर्ज देताना ‘ताई, फक्त आधार कार्ड आणि दोन फोटो द्या’ म्हणणारी मायक्रोफायनान्सची, म्हणजे बायकांच्या गटाला छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांची, माणसं हप्ता थकल्यावर त्याच दारात काय करतात, हे आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला विचारा.

परवा आमच्या गल्लीत रात्री आठच्या सुमाराला दोन पोरं मोटारसायकलवरून आली. ओट्यावर हेल्मेटं ठेवली आणि बसली. ‘पैसे घेतल्याशिवाय उठणार नाही.’ आवाज चार घरांना ऐकू जाईल असा. तिच्यासोबत कर्ज घेतलेल्या ग्रुपमधल्या बाकीच्या बायकांनाही बोलावून घेतलं, ‘हिचा हप्ता भरा, नाहीतर तुमचंही पुढचं लोन बंद.’ मी ओळखपत्र आणि संस्थेचं अधिकारपत्र मागितलं. ओळखपत्र एकाकडेच होतं, अधिकारपत्र कुणाकडेच नव्हतं. ‘मॅडम, तुम्ही मध्ये पडू नका’ म्हणाले, पण उठले.

घेतलेलं कर्ज फेडलंच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. या बायकाही तेच म्हणतात. पण ही वसुली कायद्याच्या नव्हे, लाजेच्या जोरावर चालते, आणि त्याची मला मनापासून चीड येते. बाई अब्रूला घाबरून दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढून पहिलीचा हप्ता भरते, आणि तिथून सुटका राहत नाही.

रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम स्पष्ट आहेत. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं हे कर्ज विनातारण असतं. म्हणजे ‘टीव्ही उचलून नेऊ, गॅस सिलिंडर नेऊ’ ही निव्वळ दमदाटी. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी व्हायची. तिथे कर्जदार लागोपाठ दोन वेळा आली नाही, तरच घरी किंवा कामावर यायचं. शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास, कर्जदाराचं नाव जाहीर करणं, सगळ्याला मनाई आहे. आणि एक गोष्ट कुणी सांगतच नाही: आजारपण, गेलेलं काम अशा कारणांनी जिला खरंच जड जातंय, तिला ओळखून, तिच्याशी बोलून पुढचे मार्ग समजावण्याची व्यवस्था ठेवणं संस्थेवर बंधनकारक आहे. ‘उत्पन्न घटलंय, हप्ता कमी करून मुदत वाढवा’ असा अर्ज करायला म्हणूनच लाजू नका. मात्र तो लेखी द्या आणि पोच घ्या.

‘पोलीस घेऊन येतो’ हे वाक्य तर पाठच असतं त्यांचं. निव्वळ हप्ता थकणं हा गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे. पण सही केलेला चेक दिला असेल आणि तो वटला नाही, तर चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 खाली फौजदारी खटला होऊ शकतो. बँक खात्यातून परस्पर कापला जाणारा हप्ता बाउन्स झाला तरी तशीच तरतूद आहे. म्हणून कोर्टाचं खरं समन्स कधीच दुर्लक्षित करू नका. व्हॉट्सॲपवर आलेली ‘नोटीस’ मात्र आधी एखाद्या वकिलाला दाखवा.

कर्ज देताना संस्था देते ते लोन कार्ड जपून ठेवा. ते तुम्हाला कळणाऱ्या भाषेत असलं पाहिजे आणि भरलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद त्यावर हवी. रोख देऊन नोंद न घेणं म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणं. तक्रार कुठे करायची, तेही त्याच कार्डावर असतं. फोन रेकॉर्ड करा, आलेल्या माणसाचं नाव आणि वेळ वहीत लिहा. धमकी दिली, हात उगारला तर सरळ पोलीस ठाणं गाठा.

आधी संस्थेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जाता येतं, एक पैसाही लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 14448 या फोन नंबरवर मराठीतून माहिती मिळते. अर्ज कसा लिहायचा कळत नसेल तर मला इनबॉक्समध्ये सांगा, बसून लिहून देईन. आणि लोन कार्डाचा फोटो पाठवताना त्यावरचा आधार नंबर आधी झाका.