शेवटची हिंट

सांगलीजवळच्या शाळेत शिकवणाऱ्या वहिनीशी गेल्या रविवारी फोनवर चांगलीच जुंपली. माझी लेक इथे पिट्सबर्गला सातवीत आहे. गणिताचा सराव संगणकावर करते आणि अडली की ‘हिंट’चं बटण दाबते, हे ऐकून वहिनी म्हणाली, “परीक्षेत कोण देणार गं तिला हिंट? पोरांना पांगळं करताय तुम्ही.” तिच्या शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांचंही हेच म्हणणं आहे म्हणे.

मला ते पटत नाही. आम्ही गाईडवर वाढलो. गणित अडलं की सोडून द्यायचं, नाहीतर गाईड उघडून अख्खं उत्तर उतरवायचं. मधली पायरीच नव्हती. ती द्यायचे फक्त आमचे गणिताचे सर. बाकाशी थांबून म्हणायचे, “परत वाच. काय दिलंय?” पण पन्नास पोरांच्या वर्गात सर किती बाकांशी थांबणार?

लेकीचं परवाचं गणित असं: आयताची परिमिती ३६ सेंमी, लांबी रुंदीच्या दुप्पट. पहिली हिंट, “रुंदी एक्स मानली तर लांबी किती?” दुसरी, “परिमितीचं सूत्र आठव.” तिसरीत सरळ उत्तर, ६ आणि १२. लेकीने टक टक टक तीनदा बटण दाबलं. पहिल्या दोन वाचल्यासुद्धा नाहीत. वहिनीची भीती इथे खरी आहे, हे मी तिच्याजवळ कबूल केलं.

याच शहरातल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात व्हिन्सेंट अलेव्हन आणि केनेथ कोडिंगर यांनी अशा प्रोग्रामवर शिकणाऱ्या मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या. मुलं मधल्या हिंट ओलांडून उत्तराकडे धावतात, हे त्यांनी २००० सालीच मांडलं. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि मनाला तीच जास्त लागते: ज्यांना मदतीची खरी गरज असते, ती मुलं पुष्कळदा मागतच नाहीत. वहिनीच्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी पोरं तीच ना? त्यांच्यासाठी तरी हिंट हवीच.

उत्तर दाखवल्यावर गणित सुटलं असं धरू नये, एवढंच माझं मागणं आहे. लगेच तसंच दुसरं गणित द्यावं. मी लेकीला परिमिती ४८ करून दिली. चिडली, पेन्सिल आपटली, मग स्वतःहून पहिल्या हिंटवर परत गेली. दहा मिनिटांनी वहीत ८ आणि १६ लिहून आणलं. ते पान मी वहिनीला पाठवलंय.