कर तर कॅनडाने केव्हाच कापले

कॅनडाच्या राजकारणात एक दावा दर निवडणुकीला नव्याने फिरतो. टोरंटो, ब्रॅम्प्टन, कॅल्गरीतल्या मराठी घरांत तो ऐकू येतो आणि मुलं तिकडे असलेल्या पुण्या-नाशिकच्या आईवडिलांच्या फोनपर्यंतही पोचतो. दावा थोडक्यात असा: कॅनडात कर अमेरिकेपेक्षा फार जास्त आहेत म्हणून उद्योग तिकडे जातात. सरकार पैसा उधळतं म्हणून कर जास्त आहेत. नव्वदच्या दशकात खर्च छाटला, कर कमी केले आणि देश भरभराटीला आला. आताही तेच करा; स्पर्धाक्षमता आपोआप येईल आणि सोडलेला कर वाढत्या उत्पन्नातून भरून निघेल.

यातलं एकेक वाक्य पटण्यासारखं आहे, काही तर निम्मी खरीही आहेत. पण त्यांची मोळी बांधून जो निष्कर्ष काढला जातो, तो कॅनडाच्याच गेल्या तीस वर्षांच्या अनुभवात बसत नाही.

पहिली गोष्ट, "कंपन्यांवरचा कर अमेरिकेपेक्षा जास्त." २००० साली कॅनडाच्या केंद्र सरकारचा कंपनी कराचा सर्वसाधारण दर २८ टक्के होता, वर अधिभार वेगळा. लिबरल पक्षाचे पंतप्रधान जाँ क्रेतियाँ आणि त्यांचे अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी आखलेल्या टप्प्यांनुसार तो २००४ पर्यंत २१ टक्क्यांवर आला. पुढे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या स्टीफन हार्पर यांच्या सरकारने अधिभार काढून टाकला आणि २०१२ पर्यंत दर १५ टक्क्यांवर नेला. तो आजही तेवढाच आहे. अमेरिकेचा केंद्रीय दर २०१७ च्या कायद्यापर्यंत ३५ टक्के होता, आता २१ आहे. प्रांतांचे आणि राज्यांचे कर मिळवले तर दोन्ही देश पंचवीस-सव्वीस टक्क्यांच्या आसपास येतात. ऑन्टारिओत एकूण दर २६.५ टक्के, आल्बर्टात २३. छोट्या कॅनेडियन कंपन्यांना पहिल्या पाच लाख डॉलर नफ्यावर केंद्राचा कर फक्त ९ टक्के. अमेरिकेने दर उतरवल्यावर ओटावाने, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारने, नोव्हेंबर २०१८ मध्ये यंत्रसामग्रीवरचा घसारा लवकर वजा करायची मुभा दिली. कारखान्यातल्या यंत्रांची तर पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी.

व्यक्तिगत प्राप्तिकराबद्दल कोणी बोलत असेल तर गोष्ट वेगळी आहे. ऑन्टारिओत सर्वांत वरच्या उत्पन्नावर केंद्र आणि प्रांत मिळून ५३ टक्क्यांहून जास्त कर लागतो. डॉक्टर, संगणक अभियंते सीमेपलीकडे जातात त्यात या दराचा वाटा आहे, हे मान्य करायला हवं. पण २०२५ च्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांनी दिलेली वचनं पाहा. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे पियेर पॉइलिएव्ह सर्वांत खालच्या टप्प्याचा दर १५ वरून १२.७५ टक्के करणार होते, लिबरल पक्षाचे मार्क कार्नी १४. कार्नी निवडून आले आणि १ जुलै २०२५ पासून १४ टक्के लागू झाला. दोन कमावत्या माणसांच्या घराला वर्षाला जास्तीत जास्त सुमारे ८४० डॉलर वाचतात. घरखर्चाला ती मदत आहे, वाईट म्हणण्यासारखं त्यात काही नाही. पण तिला स्पर्धाक्षमतेचं धोरण म्हणणं म्हणजे मतदाराची दिशाभूल आहे. ज्या अभियंत्याला सिॲटल खुणावतंय, त्याचा निर्णय त्याने बदलत नाही.

आता दाव्याचा कणा: "दर उतरवा, गुंतवणूक येईल." याची परीक्षा घ्यायला कॅनडाइतका चांगला देश सापडणार नाही, कारण २०१२ ते २०१७ या काळात त्याचा एकूण कंपनी कर अमेरिकेपेक्षा जवळजवळ तेरा टक्के-बिंदूंनी कमी होता. साधारण २६ विरुद्ध ३९. एवढी दरी असताना कारखाने उत्तरेकडे यायला हवे होते. घडलं ते निराळंच. २०१४ च्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळले आणि देशातली व्यावसायिक गुंतवणूक त्यांच्यासोबत खाली गेली. कर तोच होता, बदलली ती तेलाची किंमत. त्याआधी, ऑगस्ट २०१२ मध्ये, कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरने मोटार कामगारांच्या अधिवेशनात कंपन्यांना जाहीरपणे सुनावलं होतं की तिजोरीत साठवलेली रोकड हा मृत पैसा आहे. तो गुंतवा, नाहीतर भागधारकांना परत करा. ते गव्हर्नर म्हणजे आजचे पंतप्रधान कार्नी. दर १५ टक्क्यांवर आला त्याच वर्षीची ही गोष्ट आहे.

आल्बर्टाचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०१९ साली जेसन केनी यांच्या सरकारने प्रांताचा कंपनी कर १२ वरून टप्प्याटप्प्याने ८ टक्क्यांवर न्यायला सुरुवात केली. पहिली कपात जुलैमध्ये झाली. ३१ ऑक्टोबरला एन्काना या कॅल्गरीतल्या नावाजलेल्या तेल-वायू कंपनीने मुख्यालय अमेरिकेत हलवत असल्याचं आणि नाव बदलत असल्याचं जाहीर केलं. कारण काय दिलं? अमेरिकेत गुंतवणूकदारांचे मोठे निधी हाताशी येतात. भांडवलाचा बाजार किती खोल आहे, हा प्रश्न होता. चार टक्के कर सोडून तो सुटणारा नव्हता.

कराचा गुंतवणुकीवर परिणामच होत नाही, असं कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. होतो, पण थोडा, आणि बाजारपेठ, भाव, भांडवल अनुकूल असेल तेव्हा. भारताने हाच प्रयोग केला तेव्हा घोषणा गोव्यातून झाली होती: २० सप्टेंबर २०१९ ला पणजीत निर्मला सीतारामन यांनी कंपनी कराचा दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडून. पुढे २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत सरकारनेच लिहिलं की कंपन्यांचा नफा भरपूर वाढला, नोकरभरती आणि पगार त्या मानाने वाढले नाहीत.

तिसरा मुद्दा नव्वदच्या दशकाचा, आणि इथे दाव्याच्या बाजूने बरंच काही आहे. १९९५ साली कॅनडाची अवस्था खरोखर वाईट होती. केंद्राच्या दर डॉलर महसुलातला एक तृतीयांशाहून जास्त भाग व्याजात जात होता. पॉल मार्टिन यांचा १९९५ चा अर्थसंकल्प टाळता येण्यासारखा नव्हता असंच माझं मत आहे. सुमारे ४५,००० सरकारी पदं गेली, खात्यांचे खर्च कापले गेले आणि १९९७-९८ पासून सलग अकरा वर्षं शिल्लक राहिली.

पण क्रम बघा. आधी खर्च कमी झाला, मग शिल्लक आली, आणि कर कपातीचा मोठा कार्यक्रम आला तो २००० मध्ये. तूट भरून निघत असताना मार्टिन यांनी कर उतरवले नव्हते. १९९१ मध्ये आलेला जीएसटी, म्हणजे वस्तू-सेवा कर, रद्द करू असं सांगून १९९३ ची निवडणूक जिंकलेल्या लिबरल पक्षाने तो कर सत्तेत आल्यावर ठेवलाच. १९९५ चा दाखला देऊन आज कोणी तुटीतल्या अर्थसंकल्पातून कर कापा म्हणत असेल, तर तो १९९५ च्या नेमकं उलट करायला सांगतोय. आणि आजची तूट लहान नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ती ७८ अब्ज डॉलर दाखवली आहे.

भरभराट फक्त काटकसरीने आली, हेही खरं नाही. मध्यवर्ती बँकेचा दर १९९५ च्या सुरुवातीला आठ टक्क्यांच्या वर होता, १९९६ संपता संपता सव्वातीनवर आला. कॅनेडियन डॉलर १९९१ मध्ये सरासरी ८७ अमेरिकी सेंटांना होता, २००२ च्या जानेवारीत ६२ च्या आसपास. शेजारी अमेरिकेत तेजी होती आणि १९९४ पासून नाफ्टा हा उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार लागू होता. माल स्वस्त, गिऱ्हाईक श्रीमंत, दार उघडं. यातलं आज काय आहे? दार तर २०२५ मध्ये अमेरिकेनेच पोलाद-ॲल्युमिनियमवर आधी २५ आणि मग ५० टक्के आयातशुल्क लावून अर्धं लोटून घेतलं.

शिवाय त्या काटकसरीचं बिल कोणी भरलं? ओटावाने प्रांतांना आरोग्य, शिक्षण आणि समाजकल्याणासाठी दिली जाणारी रक्कम कापली. प्रांतांनी रुग्णालयं बंद केली, विद्यापीठांची फी वाढली. नव्या सामाजिक घरांना केंद्राचा पैसा १९९३ नंतर जवळजवळ थांबला. आज टोरंटो-व्हँकुव्हरमध्ये तरुणांना घर परवडत नाही त्याची कारणं अनेक आहेत, पण हे त्यातलं एक आहे. घर परवडत नाही म्हणून कामगार मिळत नाहीत, ही तक्रार आज उद्योगच करतात.

"सोडलेला कर भरून निघतो" या विधानाला उत्तर द्यायला जीएसटीची गोष्ट पुरेशी आहे, आणि ती नीट सांगायला हवी. १९९१ पूर्वी कॅनडात कारखानदारांवर १३.५ टक्क्यांचा छुपा विक्रीकर होता. तो देशी मालाच्या किमतीत मुरायचा, निर्यातीतही जायचा. ब्रायन मलरोनी यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने तो काढून १ जानेवारी १९९१ पासून ७ टक्के जीएसटी आणला. धंद्याने खरेदीवर भरलेला कर परत मिळतो, निर्यातीवर कर शून्य, आणि भार शेवटच्या ग्राहकावर. उद्योगांच्या स्पर्धाक्षमतेसाठी कॅनडाने केलेली ही बहुधा सर्वांत मोठी करसुधारणा असेल. लोकांना मात्र पावतीवर दिसणारा कर खटकला. १९९३ मध्ये त्या पक्षाच्या संसदेत फक्त दोन जागा उरल्या. जीएसटी हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण मोठं होतं.

मग हार्पर यांनी २००६ मध्ये तो ६ आणि २००८ मध्ये ५ टक्के केला. बहुतेक अर्थतज्ज्ञ विरोधात होते, कारण गुंतवणुकीला सर्वांत कमी त्रास देणारा कर हाच. महसूल भरून निघाला नाही. २००८-०९ मध्ये तूट परतली. जागतिक मंदीने ती फुगवली हे खरं, पण मंदी सरल्यावरही केंद्राचा अर्थसंकल्प जवळपास सतत तुटीतच राहिला आहे. आज जीएसटीचा एक टक्का म्हणजे वर्षाला साधारण दहा अब्ज डॉलर. म्हणजे ते दोन टक्के आजच्या तुटीच्या चौथ्या हिश्शाएवढे आहेत.

ब्रिटिश कोलंबियात तर याहून वाईट झालं. तिथला जुना प्रांतिक विक्रीकर धंद्याच्या यंत्रांवर, साहित्यावरही लागायचा. १ जुलै २०१० ला प्रांताने तो जीएसटीत विलीन करून १२ टक्क्यांचा एकच कर आणला. धंद्यांवरचा भार हलका झाला, पण हॉटेलातलं जेवण, केशकर्तन अशा आधी मोकळ्या असलेल्या गोष्टींवर सात टक्के वाढले. निवडणूक होऊन जेमतेम दोन महिने झाल्यावर ही घोषणा झाली, त्यामुळे लोकांना फसवल्यासारखं वाटलं, आणि तो राग रास्त होता. मुख्यमंत्री गॉर्डन कॅम्पबेल यांना पद सोडावं लागलं, २०११ च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के लोकांनी कर नाकारला, आणि एप्रिल २०१३ पासून यंत्रांवर कर लावणारी जुनी पद्धत परत आली. कर कमी किती, यापेक्षा कर कशावर, हा प्रश्न इथे महत्त्वाचा होता. "कर कापा" या घोषणेत तो विचारलाच जात नाही.

राहिला "सरकार पैसा उधळतं" हा आरोप. उधळपट्टी होते. कोविडच्या काळातलं, देशात येणाऱ्या प्रवाशांसाठीचं अराइव्हकॅन हे ॲप घ्या: त्यावर सुमारे ५९.५ दशलक्ष डॉलर खर्च झाल्याचा अंदाज महालेखापालांनी २०२४ मध्ये दिला आणि नोंदी इतक्या अपुऱ्या होत्या की नेमका आकडा त्यांनाही काढता आला नाही. केंद्राचे कर्मचारीही २०१५ नंतर एक लाखाहून जास्त वाढले. यावर कठोर प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण केंद्राच्या तिजोरीतून जाणारा मोठा पैसा ज्येष्ठांचं निवृत्तिवेतन, प्रांतांना आरोग्यासाठी मिळणारं अनुदान, मुलांसाठीचे भत्ते आणि कर्जावरचं व्याज यांत जातो. खर्च छाटा म्हणणाऱ्याने यातलं काय छाटणार ते सांगावं.

आणि काही खर्च उद्योगांच्याच कामाचा असतो. २००२ मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि डाइमलर-क्रायस्लर यांनी मोटार कामगारांच्या संघटनेसोबत सरकारी आरोग्यसेवेच्या बाजूने संयुक्त पत्र काढलं होतं, कारण अमेरिकेत कामगारांच्या आरोग्य विम्याचा खर्च कंपनीच्या माथी असतो, ऑन्टारिओत तो बोजा फार हलका. क्वेबेकने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर सुरू केलं. तिथल्या २५ ते ५४ वयाच्या बायकांचं नोकरीतलं प्रमाण तोवर देशाच्या सरासरीपेक्षा कमी होतं. पुढे ते वर गेलं. त्या बायका कर भरतात.

मग कॅनडा मागे का पडतोय? पडतोय हे नक्की. मार्च २०२४ मध्ये मध्यवर्ती बँकेच्या वरिष्ठ उपगव्हर्नर कॅरोलिन रॉजर्स यांनी उत्पादकतेची स्थिती आणीबाणीची असल्याचं हॅलिफॅक्सच्या भाषणात सांगितलं. माझ्या मते मोठं कारण देशांतर्गत स्पर्धेचा अभाव हे आहे. बँकिंग सहा बँकांच्या हाती, मोबाइल तीन कंपन्यांच्या. २०२३ मध्ये सरकारने रॉजर्स कम्युनिकेशन्सला शॉ ही दूरसंचार कंपनी गिळू दिली, आणि त्याच वर्षी रॉयल बँकेला एचएसबीसीचा कॅनडातला व्यवसाय घ्यायला परवानगी दिली. ज्याला गिऱ्हाईक जाण्याची भीती नाही, तो नवं यंत्र का घेईल? संशोधनावर देश सकल उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहूनही कमी खर्च करतो, अमेरिका साधारण साडेतीन. प्रांताप्रांतांतल्या भिंती वेगळ्याच. क्वेबेकमधून बिअरच्या चौदा पेट्या घेऊन न्यू ब्रन्सविकला घरी आलेल्या एका निवृत्त गृहस्थाला दंड झाला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रांताचा तो नियम वैध ठरवला. केंद्राने आपल्या अखत्यारीतले अडथळे काढायचा कायदा केला तो जून २०२५ मध्ये.

आणि एक अडथळा तर कर सवलतीनेच तयार केला आहे. पाच लाख डॉलर नफ्यापर्यंत ९ टक्के, त्यापुढे १५. कंपनीचं भांडवल एक कोटी डॉलरच्या पुढे गेलं की ही सवलत कमी होत जाते आणि पाच कोटींना संपते. म्हणजे मोठं होणाऱ्याने ती गमवायची, लहान राहणाऱ्याने जपायची. कारखाना वाढवण्याऐवजी हिशेब त्या मर्यादेच्या आत बसवण्यात हुशारी खर्च होते. छोट्या व्यावसायिकांची मतं मोलाची असल्यामुळे या रचनेला हात लावायचं वचन कुठलाच मोठा पक्ष देत नाही. ही सवलत लहान कंपनीऐवजी नव्या कंपनीला, पहिल्या काही वर्षांसाठी का देऊ नये, हे पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला जरूर विचारा.