सूर्य पाठीशीच हवा? एका फॉरवर्डला उत्तर

‘झाडांचे फोटो काढताना या चुका टाळा’ असा एक मेसेज मुंबईतल्या ग्रुपांवर अधूनमधून फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच. सूर्य कायम पाठीशी ठेवा. सूर्यासमोरचं झाड काळं पडतं, पानांचा रंग मरतो. फोटोवर किरणांचे डाग येतात, म्हणून लेन्सवर फिल्टर लावा. कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, जळतो. आणि तरीही काढायचाच असेल तर फ्लॅश मारा. यातला सेन्सरचा मुद्दा अर्धा खरा आहे, बाकीचं सोडून दिलेलं बरं.

‘सूर्य पाठीशी’ हा सल्ला खोका कॅमेऱ्यांच्या काळातला. कोडॅकचा ब्राउनी 1900 साली आला. एक साधं भिंग, ठरलेलं छिद्र, शटरचा ठरलेला वेग आणि मंद फिल्म. एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, बदलायची सोयच नाही म्हटल्यावर विषयावर भरपूर ऊन पडलेलं असणं भागच होतं. त्या कॅमेऱ्यापुरता सल्ला अगदी रास्त. आज तो पाळला तर झाड सपाट दिसतं, कारण पानांच्या सावल्या पानांमागेच लपतात.

आता पानांचा रंग. इथे मेसेज नेमका उलटं सांगतो. समोरून ऊन पडतं तेव्हा पानाच्या मेणचट पृष्ठभागावरून पांढरट चकाकी परत येते आणि हिरवा रंग फिका होतो. मागून आलेला उजेड पानाच्या आतून गाळून येतो. हरितद्रव्य त्यातला लाल आणि निळा भाग शोषून घेतं, हिरवा-पिवळा बराचसा पार होतो. जानेवारी-फेब्रुवारीत रस्त्याकडेच्या बदामाच्या झाडाखाली उभं राहून वर बघा. सूर्य पाठीशी असला तर गळायला आलेली पानं मळकट तपकिरी दिसतात. तेच पान सूर्यासमोर आलं की गर्द लाल होतं, मधली शीर पिवळसर उमटते आणि किड्यांनी पाडलेली भोकं टाचणीच्या टोकाएवढी लखलखतात. पिंपळाच्या कोवळ्या तांबूस पानांचंही तेच. हे सगळं सूर्य पाठीशी घेऊन मिळत नाही.

मग फोटोत झाड काळं का येतं? कॅमेरा सगळ्या चौकटीचा उजेड मोजून मधलं काहीतरी ठरवतो. मागे झगझगीत आकाश असलं की तो एक्स्पोजर कमी करतो आणि झाड अंधारात जातं. मोबाइलवर पानावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की बोट वर सरकवून उजेड वाढवा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), फोटो रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढा. आकाश पांढरं फटक होईल, पण त्यावर इलाज आहे: आकाश चौकटीत घेऊच नका. सूर्याच्या दिशेने तोंड केलं की समोरच्या इमारतींची सावलीतली बाजू आपल्याकडे असते. संध्याकाळी तिच्यापुढे एखादी उजळलेली फांदी धरा, मागे आयता काळा पडदा मिळतो. मुंबईत इमारतींची तक्रार तशी सगळेच करतात. या कामाला त्या फार उपयोगी आहेत.

वेळेचं मात्र सांभाळा. आपण 19 अंश अक्षांशावर, सूर्य बराच सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून सहा अंशांवरून टेकायला साधारण 25 मिनिटं. त्यातही मुंबईत सूर्य मावळत नाही, कुणाच्या तरी टॉवरमागे जातो. फाइव्ह गार्डन्सच्या रेन ट्रीसाठी तर सूर्यास्त गाठूच नका. त्याच्या पर्णिका, म्हणजे पानांचे छोटे भाग, संध्याकाळी मिटतात, छत्र विरळ होतं. सकाळी जा.

आणि कधी काळं झाडच हवं असतं. मग एक्स्पोजर एक-दोन स्टॉप उतरवा. फक्त झाड तसं निवडा. माड किंवा निष्पर्ण, शेंगा लोंबणारा गुलमोहर सिल्हूटमध्ये, म्हणजे नुसत्या काळ्या आकारात, शोभतो. भरगच्च आंब्याचा नुसता काळा गोळा होतो.

किरणांच्या डागांवर फिल्टर सुचवणं म्हणजे आगीत तेल. काचेच्या प्रत्येक कोटिंग नसलेल्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परावर्तित होतो. तो लेन्सच्या आत भटकतो आणि डाग पडतात. त्यावरचा खरा उपाय म्हणजे कोटिंग, काचेवरचा परावर्तन कमी करणारा पातळ थर. झाइस या जर्मन लेन्स कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी ते 1935 मध्ये शोधलं आणि आजच्या लेन्सवर ते असतंच. स्वस्त फिल्टर लावून तुम्ही आणखी दोन पृष्ठभाग वाढवता. तो काढा. मोबाइलच्या लेन्सवरचा बोटांचा तेलकटपणा पुसा, निम्मे डाग तिथेच जातात. मग सूर्य खोडाआड घ्या आणि काठावरून किंचित डोकावू द्या. छिद्र f/16 ला, म्हणजे बरंच लहान, नेलंत तर सूर्याचा तारा होतो: छिद्राला आठ पाती असलेल्या लेन्सला आठ टोकं, सात पात्यांच्या लेन्सला चौदा.

सेन्सरचं अर्धसत्य असं. सेन्सरवर पडणारी सूर्याची प्रतिमा लेन्सच्या फोकल लांबीच्या साधारण शंभराव्या भागाहून थोडी लहान असते. 24 मिलीमीटरला जेमतेम पाव मिलीमीटर, 400 ला जवळजवळ चार. मोठ्या तोंडाची टेली, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स, उष्णताही कितीतरी जास्त गोळा करते. रुंद लेन्सने किंवा मोबाइलने झाडाआडचा सूर्य काही सेकंद टिपायला हरकत नाही. टेली लावलेला मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा भर दुपारी सूर्यावर रोखून ट्रायपॉडवर ठेवू नका. डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघणं तर पूर्ण टाळा, टेलीने तर डोळा कायमचा जाऊ शकतो. डोळ्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही.

राहिला फ्लॅश. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश उन्हाविरुद्ध दोन-तीन मीटरपलीकडे टिकत नाही, मोबाइलचा तेवढाही नाही. हाताशी आलेल्या ताम्हणाच्या तुऱ्यावर जरूर वापरा. वीस मीटर उंच झाडावर मारलात तर फक्त बॅटरी उतरेल.